आंबटाचं माप

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बचतगटांच्या बायकांपुढे घोडेगाव इथे केलेलं हे भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि माझ्याहून वडील असलेल्या मावश्यांनो, आज्यांनो,

फळ्यावर आजचा विषय 'फळप्रक्रिया' असा लिहिला आहे. शब्द जड आहे. आपण साध्या गोष्टीविषयी बोलू. ती म्हणजे आंबट. बाटलीत भरलेलं फळ वर्षभर का टिकतं, कधी कधी का नासतं, त्यात आंबटपणाचं काम काय, आणि तो आंबटपणा मोजायचा कसा? हे माप बायकांच्या हाती आलं तर घरात आणि बाजारात काय बदलेल, तेही शेवटी बघू.

एक आधीच सांगते. मी समाजकार्य शिकलेली बाई आहे. तुम्हाला लोणचं घालायला शिकवण्याचा माझा अधिकार नाही. पूर्वेकडच्या बागायतीतल्या तुम्ही, पश्चिमेकडच्या डोंगरातल्या तुम्ही, टिकवण्याची विद्या तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कैरीची आंबोशी, मीठ लावून ठेवलेली चिंच, लिंबाचं लोणचं, आवळ्याचा मुरांबा, उन्हात वाळवलेला हिरडा, हे सगळं तुम्ही करता. कुठल्या पुस्तकात वाचून कुणी केलेलं नाही. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्याने बाटलीत अन्न भरून, बूच लावून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची रीत १८१० साली छापली. ते का टिकतं हे त्यालाही माहीत नव्हतं. जंतूंचा उलगडा पुढे पाश्चरने केला, त्याला आणखी पन्नास वर्षं लागली. तेव्हा 'कारण माहीत नाही, पण करता येतं' यात कमीपणा नाही. पण आता कारण माहीत झालंय. ते आपल्यापर्यंत का पोचू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

बरणी नासली की नाव कुणाचं?

लोणचं चांगलं झालं की आपण म्हणतो, हिच्या हाताला गुण आहे. नासलं की काय म्हणतात? 'कुणी हात लावला होता?' आणि मग घरातल्या सुनेकडे, वयात आलेल्या मुलीकडे बघतात. पाळी चालू असताना बरणीला शिवलीस का, हा प्रश्न आजही विचारला जातो. सगळ्या घरांत नाही, पण पुष्कळ घरांत. तुमच्यातल्या काही जणी मान डोलावताय, म्हणजे मी खोटं बोलत नाही.

आता शांतपणे विचार करू. बरणीत नासवणारं काय असतं? तीन गोष्टी. एक बुरशी, जी वर पांढरी-हिरवी धरते. दुसरं किण्व, ज्याने फेस येतो आणि वास दारूसारखा होतो. तिसरे जिवाणू. हे तिन्ही हवेत, मातीत, फळाच्या सालीवर, ओल्या पळीवर असतात. मीठ कमी पडलं, कैरी पुसून कोरडी केली नव्हती, बरणी ओली राहिली, आंबटपणा पुरेसा नव्हता, तर ते वाढतात. पाळीच्या रक्ताचा आणि बरणीतल्या मिठाचा काही संबंध नाही. हाताला पिकलेली जखम, गळू असेल तर मात्र अन्नात हात घालू नये. आणि तो नियम बाई, पुरुष, सासू, सून सगळ्यांना सारखा.

ज्यांना पटत नाही त्यांच्याशी भांडू नका, दोन बरण्या घाला. कैऱ्या एकाच झाडाच्या, मीठ वजन करून सारखं, बरण्या सारख्या धुऊन वाळवलेल्या. एक बरणी पाळी चालू असलेल्या मुलीने भरायची, दुसरी तिच्या आजीने. दोन्हींवर दादरा बांधा, दिवाळीला उघडा. वादावादीने जे होत नाही ते दोन बरण्यांनी होईल.

न दिसणारा शत्रू

बुरशी दिसते, फेस दिसतो, वास येतो. यांच्यापेक्षा वाईट आहे तो न दिसणारा. त्याचं नाव लांबलचक आहे, क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम. हा जिवाणू मातीत असतो, म्हणजे मातीतून आलेल्या कुठल्याही फळाभाजीवर असू शकतो. एरवी तो आपल्याला काही करत नाही. पण त्याची एक खोड आहे, त्याला हवा नको असते. आपण बाटली गरम भरून, झाकण घट्ट लावून हवा बाहेर काढतो, तेव्हा नेमकी त्याला हवी तशी जागा करून देतो. त्याची बीजं पाण्याच्या उकळीने मरत नाहीत. ती मारायला १२१ अंश उष्णता लागते, आणि ती फक्त दाबाखालच्या वाफेने मिळते. आतलं अन्न त्याला मानवणारं असेल तर ती बीजं रुजतात आणि विष तयार करतात. त्या विषाला वास नाही, चव नाही. झाकण कधी फुगतं, कधी फुगत नाही.

हे विष पोटात गेलं की बहुधा बारा ते छत्तीस तासांत पापण्या जड होतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलताना जीभ अडखळते, घास गिळवत नाही, आणि मग अशक्तपणा वरून खाली उतरत जातो. श्वासाचे स्नायू थांबले तर माणूस जातो. ताप सहसा नसतो, म्हणून लोक बाहेरचं समजून देवऋषाकडे नेतात. असं काही दिसलं तर वेळ न घालवता दवाखान्यात न्या, आणि बाटलीतलं काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा.

'आपल्याकडे असलं काही होत नाही' असं म्हणू नका. १९९६ साली गुजरातेत एका निवासी शाळेतले ३४ विद्यार्थी शेव खाऊन आजारी पडले, त्यांतले तिघे दगावले. तिथे याच कुळातला दुसरा जिवाणू होता आणि विष हेच होतं. असे प्रसंग विरळा असतात. पण बाटल्या भरणारी घरं वाढतील तसं आपल्यालाही सावध व्हायला हवं.

आता दिलासा देणारी गोष्ट. हा शत्रू आंबटाला घाबरतो. अन्न पुरेसं आंबट असेल तर त्याची बीजं आत असूनही रुजत नाहीत, विष होत नाही. बाकीचे किण्व, बुरशी, साधे जिवाणू उकळीने मरतात. म्हणून आंबट फळ घरच्या साध्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात सुरक्षित टिकवता येतं आणि गोडसर फळ किंवा भाजी तशी टिकवता येत नाही. सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे.

चार पूर्णांक सहा

'पुरेसं आंबट' म्हणजे किती? त्यासाठी एक मोजपट्टी आहे, तिला पीएच म्हणतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला, बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने ती १९०९ साली काढली. ही पट्टी उलटी चालते, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट. शुद्ध पाणी ७. लिंबाचा रस २ ते अडीचच्या आसपास. आणि एक पायरी म्हणजे दहापट. ३ आकड्याचं फळ ४ आकड्याच्या फळापेक्षा दहापट आंबट असतं.

आपल्याला लक्षात ठेवायचा आकडा एकच, ४.६. याच्या खाली असेल तर उकळत्या पाण्याची रीत चालते. याच्या वर असेल तर बाटलीत बंद करू नये, किंवा आधी आंबट घालून खाली आणावं.

आता आपली फळं बघू. कैरी, चिंच, आवळा, लिंबू, करवंद ही रेषेच्या खूप खाली आहेत, बिनधास्त. जांभूळ आणि द्राक्षंही खालीच. पिकलेला आंबा मात्र फसवा आहे. जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे त्याचा आकडा बदलतो, आणि खूप पिकलेला गोड आंबा रेषेच्या जवळ, कधी वरही जातो. म्हणून आमरस बाटलीत भरताना लिंबूसत्त्व लागतं. पपई, केळं, चिकू, सीताफळ, कलिंगड यांच्यावर विसंबू नका. पपईचा जॅम करायचा तर साखर आणि लिंबूसत्त्व दोन्ही मापून घालावं लागतं. सीताफळ ताजं खावं, नाहीतर विकावं.

तुम्ही म्हणाल, आकडा कशाला, आम्ही चाखून सांगू. नाही सांगता येत. लिंबाच्या सरबतात साखर वाढवा, आंबट कमी लागतं, पण आंबटपणा तेवढाच असतो. जीभ गोडाने फसते. एक आंबा दुसऱ्यापेक्षा गोड लागला म्हणून तो कमी आंबट असेलच असं नाही, आणि आंबट लागला म्हणून सुरक्षित असेलच असंही नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे तुम्हाला माहीत आहे, रंगाने ओळखायची ती जुनी युक्तीच आहे. पण ४ आणि ५ यांतला फरक हळद दाखवत नाही. त्यासाठी पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात. साधा लिटमस नको, तो फक्त आंबट की खारं एवढंच सांगतो. ३ ते ६ च्या मधले आकडे वेगवेगळे दाखवणारी पट्टी हवी. टोमॅटोच्या गराचा लाल रंग पट्टीवर चढतो, म्हणून गर खाली बसू द्या आणि वरच्या नितळ रसात पट्टी बुडवा. रंगाचा अंदाज थोडा चुकतोच, तेव्हा ४.६ च्या काठावर थांबू नका. ४.२ किंवा खाली आलं की मगच बाटली बंद करा.

टोमॅटो, आपलं पीक

आता आपल्या दारातलं पीक घेऊ. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार सगळ्या देशाला माहीत आहे. २०२३ च्या जुलैत तिथे एका क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात भाव इतका कोसळला की जुन्नर-आंबेगावात लोकांनी उभी पिकं सोडून दिली. भाव वर गेला तेव्हा पैसा कुणाच्या हातात आला हे तुम्ही जाणता. भाव पडला तेव्हा मात्र सगळ्यांना बायकांची आठवण होते. 'एवढा माल पडलाय, तुम्ही बायका त्याचं काहीतरी करा की!'

आणि काय येतं आपल्याकडे? चांगला माल आडतीला जातो. आपल्याकडे येतो तो फुटलेला, अतिपिकलेला, डागी, क्रेटच्या तळाचा. इथे नीट ऐका. टोमॅटो हे मुळातच काठावरचं फळ आहे. त्याचा आकडा साधारण ४.३ ते ४.९ असतो, म्हणजे रेषेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला. तो जितका जास्त पिकतो तितका आंबटपणा उतरतो. त्यावर बुरशी आली तर ती बुरशी आंबट खाऊन टाकते आणि आकडा आणखी वर जातो. म्हणजे बायकांच्या वाट्याला जो माल येतो, तोच बाटलीत भरायला सगळ्यांत धोक्याचा.

म्हणून पहिला नियम. सडका, बुरशी आलेला टोमॅटो 'तेवढा भाग कापून' घेऊ नका. तो खड्ड्यात खत म्हणून जाऊ द्या. टणक, लाल, डाग नसलेला माल घेऊनच रस काढायचा. घरात तसं सांगावं लागेल, आणि ते सांगणं बाटल्या भरण्याइतकंच अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

दुसरा नियम, टोमॅटो कसाही असला तरी लिंबूसत्त्व घालायचंच. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतं. एक लिटर रसाला अडीच ग्रॅम, म्हणजे पाच मिलिलिटरच्या मापचमच्याने सपाट अर्धा चमचा. अर्ध्या लिटरच्या बाटलीला सपाट पाव चमचा. थोडं जास्त झालं तर चव आंबट होईल, वापरताना साखर घाला. कमी मात्र चालणार नाही. लिंबू पिळून भागवू नका. एक लिंबू रसाळ, एक कोरडं, एक आंबट, एक पाणचट, त्याला माप नाही.

रीत अशी. टोमॅटो धुऊन, चिरून, स्टीलच्या पातेल्यात उकळा आणि गाळून घ्या. स्वच्छ, गरम पाण्याने धुतलेल्या काचेच्या प्रत्येक बाटलीत आधी लिंबूसत्त्व घाला. पातेल्यात एकदम घालू नका, नाहीतर एका बाटलीत जास्त जाईल, दुसरीत कमी. मग उकळता रस भरा, वर बोटभर जागा ठेवा. बाटलीचं तोंड पुसून धातूचं नवं झाकण लावा. मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडकं घालून बाटल्या उभ्या ठेवा. गरम पाणी झाकणांच्या वर दोन बोटं यायला हवं. पाण्याला खळखळून उकळी फुटली की तिथून घड्याळ लावायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीला आपल्या भागात ४० मिनिटं.

आपल्या भागात असं का म्हटलं? जुन्नर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या आसपास आहे. जितकं उंच जावं तितकं पाणी कमी उष्णतेला उकळतं. कोकणात १०० अंशांना उकळणारं पाणी इथे दोनेक अंश आधीच उकळतं. त्यामुळे वेळ पाच मिनिटांनी वाढवावा लागतो. भीमाशंकर, आहुप्याच्या बाजूला वरच्या वाड्यांमध्ये राहणाऱ्यांनी आणखी पाच मिनिटं धरावीत.

या रसात कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर घालू नका. ही सगळी कमी आंबट आहेत, त्यांनी आकडा वर चढतो. फोडणी करायची ती बाटली उघडल्यावर. तेलात बुडवलेला लसूणही असाच. तेल टिकवत नाही, ते फक्त हवा अडवतं, आणि हवा अडवल्याने आपल्या त्या शत्रूचं बरंच होतं. लसणाचं, मिरचीचं लोणचं घालताना मीठ आणि लिंबू सढळ हाताने का घालतात, याचं कारण आता तुमच्या लक्षात येईल.

पावडर आणि भांडी

बऱ्याच जणी विचारतात, 'ताई, टिकायची पावडर घातली की झालं ना?' सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अशा दोन पावडरी वापरात आहेत. दोन्ही आंबटातच काम करतात. आंबटपणा कमी असेल तर त्या नुसत्या पडून राहतात. मेटाबायसल्फाइटने जांभूळ, करवंद, टोमॅटो यांचा रंगही उडतो. सरकारी नियमांनी यांची मर्यादा ठरवलेली आहे, ती ओलांडणं गुन्हा आहे. प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणि ग्रॅमचा काटा असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका. 'चिमूटभर' हे माप स्वयंपाकात चालतं, इथे चालत नाही.

भांड्यांचंही तसंच. ताक पितळेत ठेवलं तर कळकतं हे आपल्याला ठाऊक आहे. आंबट फळ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात उकळलं तर धातू त्यात उतरतो. स्टील, काच, चिनी माती एवढीच वापरा.

टाकून देण्याचा हक्क

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगितलं त्याकडे येते.

घरात बिघडलेलं कोण खातं? शिळी भाकरी कुणाच्या ताटात, वरून बुरशी काढलेलं लोणचं कुणाच्या ताटात? बाईच्या. 'टाकवत नाही' म्हणून ती खाते. झाकण थोडं फुगलंय, वास जरा वेगळा येतोय, 'थांबा, मी आधी चाखते' असं कोण म्हणतं? तीच म्हणते. मैत्रिणींनो, बाटलीबंद अन्नाच्या बाबतीत चाखणं ही परीक्षा नव्हे. ज्या विषाला चव नाही ते चाखून कळणार कसं? आणि एक घास पुरेसा होतो. झाकण फुगलेलं, गळणारं, उघडताना फसफसणारं काहीही असेल तर ते न चाखता टाकायचं. गुरांना, कोंबड्यांनाही घालायचं नाही. पुरून टाकायचं.

पण सून ते टाकू शकते का? आठ बाटल्या टाकल्या तर घरात काय ऐकून घ्यावं लागेल? एका गटातल्या बाईने मला सांगितलं, 'ताई, फेकलं तर नुकसान माझ्या नावावर, ठेवलं तर निदान कुणाला कळत तरी नाही.' बोलायचं ते इथे. तिला नासलेलं ओळखता येत होतं. टाकायची मुभा नव्हती. म्हणून नुसत्या माहितीने भागत नाही, ती घरात मान्य व्हावी लागते. आणि त्यासाठी लेखी पुरावा फार उपयोगी पडतो.

माझी सूचना अशी. गटाने एक वही ठेवायची. प्रत्येक घाण्याला एक ओळ. तारीख, फळ, वजन, लिंबूसत्त्व किती ग्रॅम, पट्टीवर आकडा किती, उकळी किती मिनिटं, बाटल्या किती, केलं कुणी. तोच क्रमांक बाटलीवर चिकटवायचा. पुढे एक बाटली बिघडली तर वही उघडायची. आंबट कमी पडलं होतं का, वेळ कमी झाला होता का, की झाकण जुनं होतं, ते समजेल. मग 'हिचा हात लागला' हे म्हणायला जागा राहत नाही. आणि चांगलं झालं तरी 'हिच्या हाताला गुण' एवढ्यावर भागत नाही. तिला काय येतं हे वहीत लिहिलेलं राहतं, ती ते दुसरीला शिकवू शकते, त्याचे पैसे मागू शकते.

मुंबईत १९५९ साली सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे लिज्जत झाली. तिथे पीठ एका ठिकाणी मापाने मळलं जातं आणि बायका घरी नेऊन लाटतात. हजारो हातांनी लाटलेला पापड एकाच चवीचा होतो तो या मापामुळे. हातांचं कौतुक आहेच, पण माप सगळ्यांचं सामाईक आहे, म्हणून मालकीही सामाईक राहू शकली.

विक्रीचं थोडं सांगते. पूर्वी १९५५ चा फळ-उत्पादन आदेश होता. आता २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आहे, तो २०११ पासून अमलात आला. घरून थोडंसं विकलं तरी नोंदणी लागते. बाटलीवर घटक, तारीख, नोंदणी क्रमांक लिहावा लागतो. नोंदणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. म्हणून विचारून घ्या. नोंदणी तुमच्या नावावर आणि बँकेचं खातं, हिशेब, बाजारातला व्यवहार दुसऱ्याच्या हातात, असं होत असेल तर काही बिघडलं की नोटीस तुम्हाला, आणि विक्री झाली की पैसा त्याला. सही करायच्या आधी खातं कुणाचं हे ठरवा. तांत्रिक शिक्षणासाठी नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या जवळ आहे. तिथे गटाने मिळून जा, एकेकटीने नको. एकटीला उत्तर मिळतं, दहाजणींना प्रशिक्षण मिळतं.

पश्चिमेकडच्या मैत्रिणींसाठी आणखी एक. मे महिन्यात करवंदं, जांभळं तुम्ही पानाच्या द्रोणात घालून रस्त्याकडेला विकता. संध्याकाळी उरलेलं फळ पडेल त्या भावाने द्यावं लागतं, कारण सकाळी ते राहत नाही. फळ टिकवता आलं तर संध्याकाळी 'नाही' म्हणता येतं. आणि करवंद तर इतकं आंबट आहे की आकड्याची भीतीच नाही. बागायतीतल्या टोमॅटोपेक्षा डोंगरातलं करवंद बाटलीत जास्त सुरक्षित आहे, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. ती मातीमोल भावाने देऊ नका.

हे काम घरोघरी एकटीने करायचं म्हटलं तर तो आणखी एक बोजा होईल, आणि बोजे आपल्याला कमी नाहीत. चाळीस मिनिटं पातेलं खळखळत ठेवायचं म्हणजे सरपण आलं, गॅस आला, उभं राहणं आलं. ते एका जागी, एका चुलीवर, पाळीपाळीने करा. गटाची एक पेटी असू द्या. तीत ग्रॅमचा काटा, मापचमचे, पीएचच्या पट्ट्या, लिंबूसत्त्वाची बंद बरणी, एक घड्याळ आणि ती वही.

उठायच्या आधी तीन गोष्टी ठरवून उठू या. पेटीसाठी गटाच्या निधीतून पैसे काढायचे का. वही कोण लिहिणार, आणि लिहिता न येणारीची ओळ तिच्या तोंडून ऐकून कोण लिहून घेणार. आणि तिसरी, जिच्या हातची बाटली वहीप्रमाणे बिघडलेली ठरेल तिने ती कुणाला न विचारता टाकायची, आणि ते नुकसान तिचं एकटीचं न धरता गटाचं धरायचं. पहिल्या दोन गोष्टींना पैसे आणि वेळ लागेल. तिसरीला फक्त तुमचा होकार लागेल.

प्रश्न असतील ते विचारा. मी इथे थांबते.